मुक्तजीवी अमीबा आणि जलसुरक्षेची अपुरी व्याख्या

बीजसंज्ञा : मुक्तजीवी अमीबा, नेग्लेरिया फाउलेरी, अ‍ॅकँथअमीबा, जलसुरक्षा, जलनेती.

प्रस्तावना

पाण्यातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करताना पटकी, विषमज्वर, कावीळ व आमांश यांचीच नावे प्रामुख्याने घेतली जातात. हे रोग दूषित पाणी पोटात गेल्याने होतात. त्यामुळे ‘सुरक्षित पाणी म्हणजे पिण्यास योग्य पाणी’ असे समीकरण रूढ झाले आहे. मुक्तजीवी अमीबा या समीकरणात बसत नाहीत. ते पोटातून नव्हे, तर नाक, डोळे किंवा त्वचेवरील जखम यांवाटे अपाय करतात. प्रस्तुत लेखात या सूक्ष्मजीवांचे स्वरूप, त्यांपासून होणारे रोग व प्रतिबंधाचे उपाय यांचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व अधिवास

आमांशास कारणीभूत ठरणारा एन्टामीबा हिस्टोलिटिका हा परजीवी असून त्याला वाढीसाठी यजमानाचे आतडे लागते. मुक्तजीवी अमीबांना यजमानाची गरज नसते. माती, तळी, विहिरी, पाण्याच्या टाक्या व नळांच्या आतील बुळबुळीत थर येथे ते जीवाणूंवर उपजीविका करतात. परिस्थिती प्रतिकूल झाली की ते स्वतःभोवती कवच निर्माण करून पुटी अवस्थेत जातात. अ‍ॅकँथअमीबाची दुहेरी भित्तीची पुटी तर क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेलाही दाद देत नाही. मानवी रोगांशी प्रामुख्याने नेग्लेरिया, अ‍ॅकँथअमीबा, बॅलमुथिया व सॅपिनिया या चार प्रजातींचा संबंध आढळला आहे.

रोगकारकता

नेग्लेरिया फाउलेरीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे वर्णन फाउलर व कार्टर यांनी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील रुग्णांवरून प्रथम केले. हा अमीबा उष्णताप्रिय असून सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात वाढू शकतो. पाणी जोराने नाकात गेल्यास तो श्लेष्मल त्वचेला चिकटतो, घ्राणतंत्रिकेच्या आधाराने कवटीच्या तळाशी असलेले चाळणीसारखे अस्थिपटल ओलांडतो आणि मेंदूत शिरतो. तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या व मान ताठरणे ही लक्षणे जीवाणुजन्य मेंदूज्वरासारखीच असल्याने निदानास विलंब होतो. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात नोंदलेल्या १६४ रुग्णांपैकी केवळ ४ वाचले. मात्र हेच पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही.

अ‍ॅकँथअमीबा डोळ्याच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, दाह निर्माण करतो. स्पर्शभिंगे नळाच्या पाण्याने धुणे किंवा ती घालून पोहणे ही याची प्रमुख कारणे होत. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींत अ‍ॅकँथअमीबा मेंदूलाही ग्रासतो. बॅलमुथिया मात्र निरोगी व्यक्तींतही असा विकार घडवू शकतो.

याखेरीज एक अप्रत्यक्ष धोकाही आहे. न्यूमोनिया घडविणारा लिजिओनेला हा जीवाणू अमीबांच्या पेशीत वाढतो, हे रोबोथम यांनी १९८० मध्ये दाखविले. पुटीत दडलेला हा जीवाणू क्लोरीनपासूनही बचावतो.

केरळ व लुइझियाना येथील अनुभव

केरळात या मेंदूज्वराचा पहिला रुग्ण २०१६ मध्ये आलप्पुळा येथे आढळला. २०२४ व २०२५ मध्ये रुग्णसंख्या लक्षणीय वाढली. राज्याने २०२४ मध्ये निदान व उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि २०२५ मध्ये विहिरींच्या क्लोरिनीकरणाची मोहीम हाती घेतली. तळ्यात न उतरलेल्या व घरच्या विहिरीच्या पाण्याने स्नान करणाऱ्या काही व्यक्तींनाही लागण झाली, ही बाब विशेष चिंतेची होती. त्याचबरोबर वेळीच निदान होऊन मिल्टेफोसिनसारखी औषधे मिळाल्यास रुग्ण वाचू शकतो, हेही तेथे दिसून आले.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन व्यक्ती दगावल्या. त्यांनी नेतीपात्रातून नळाचे पाणी नाकात घेतले होते. २०१३ मध्ये तेथील सार्वजनिक जलव्यवस्थेतच नेग्लेरिया आढळल्यानंतर राज्याने नळाच्या टोकापर्यंत प्रतिलिटर किमान ०.५ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन राखणे बंधनकारक केले. भारतीय मानकात ही किमान मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे.

जलपरीक्षणाची मर्यादा

पाण्याची जैविक तपासणी मुख्यतः कोलिफॉर्म जीवाणूंवर आधारलेली असते. हे जीवाणू मलदूषणाचे निदर्शक होत. मुक्तजीवी अमीबा मलातून येत नाहीत. साहजिकच या तपासणीत निर्दोष ठरलेल्या पाण्यातही ते असू शकतात. तपासणी सदोष आहे असा याचा अर्थ नाही. ती पाणी पिण्यायोग्य आहे का या प्रश्नाचे उत्तर देते. नाकात घालण्यायोग्य आहे का, हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

प्रतिबंध

१) जलनेतीसाठी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेले किंवा निर्जंतुक पाणीच वापरावे. पाण्यात मीठ घातल्याने ते निर्जंतुक होत नाही. योगवर्ग व शिबिरांत ही दक्षता आवर्जून घ्यावी.

२) उन्हाळ्यात साचलेल्या उथळ, कोमट पाण्यात सूर मारणे टाळावे, पोहताना नाकास चिमटा लावावा.

३) टाक्या नियमितपणे घासून स्वच्छ कराव्यात. पोहण्याच्या तलावांतील व टाक्यांतील अवशिष्ट क्लोरीन मोजून त्याची नोंद ठेवावी.

४) स्पर्शभिंगांना पाण्याचा संपर्क होऊ देऊ नये.

५) मेंदूज्वराची लक्षणे दिसल्यास नजीकच्या काळात पाण्याशी आलेला संपर्क डॉक्टरांना सांगावा.

समारोप

मुक्तजीवी अमीबा जवळपास सर्वत्र असूनही त्यांच्यामुळे होणारे रोग विरळ आहेत. म्हणून भीतीचे कारण नाही. परंतु नेग्लेरियाची लागण झाल्यावर बचावाची संधी अत्यल्प असल्याने प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो. पाणी ‘शुद्ध’ आहे का, या प्रश्नाबरोबरच ते ‘कशासाठी’ वापरायचे आहे, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. महाविद्यालयीन प्रयोगशाळा, वसतिगृहे व योगवर्ग ही या जाणिवेचा प्रारंभ करण्यास योग्य ठिकाणे होत.