खरी शिवराई, नकली शिवराई

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ.

अक्षरे पूर्ण आणि रेखीव असतील तरच शिवराई अस्सल, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोड्याचा घाव घालत. ठसा चकतीहून मोठा असे, घाव तिरका बसे. त्यामुळे ‘श्री’चा माथा किंवा ‘ति’ची वेलांटी कडेबाहेर जाई. ‘शिव’ऐवजी ‘सिव’ किंवा ‘सीव’ दिसले तरी नाणे खोटे ठरत नाही. ठसे कोरणारे हात अनेक होते. छापखान्यातल्यासारखी नेटकी देवनागरी असलेली गोलगरगरीत शिवराई मात्र संशयास्पद समजावी.

प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळातली, हाही गैरसमज. हे नाणे त्याच नावाने पेशवाईतही पडत राहिले. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ त्या उत्तरकाळातली. ती नकली नव्हे, पण तिला १६७४ची म्हणून विकणे ही फसवणूकच.

लोहचुंबकाला चिकटले नाही म्हणजे नाणे खरे, हे अर्धसत्य आहे. चिकटले तर ते तांब्याचे नाही, एवढे नक्की. पण पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत. भिंग अधिक उपयोगी पडते. ओतीव नकलेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेवर सांधा घासल्याची खूण राहते. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी आढळला, तर दोन्ही एकाच नमुन्यावरून ओतलेली असण्याची दाट शक्यता असते.

हिरवट थर हा वयाचा पुरावा नव्हे. तो रसायनाने आणता येतो, मात्र असा थर अनेकदा बोटाने पुसला जातो. खरा थर अक्षरांच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो. घरोघरी नाणे चिंचेने घासून लख्ख करतात, त्यात तो थर जातो आणि संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमतही उतरते.

शिवराईप्रमाणेच जुने म्हणून खपवले जाणारे आणखी एक नाणे, रामदरबाराच्या चित्राचा, ‘यूकेएल वन ॲना’ लिहिलेला आणि १६१६ किंवा १७१७ साल घातलेला ‘कंपनीचा आणा’, तर ईस्ट इंडिया कंपनीने कधी काढलेच नाही. ‘यूके’ म्हणजे युनायटेड किंग्डम म्हणावे, तर ते राज्यच १८०१ साली स्थापन झाले.