दोनचा सदुसष्टावा घात वजा एक

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. द्विमान पद्धतीत ती लिहिली, तर एकापुढे एक सदुसष्ट एकच येतात, शून्य एकही नाही.

फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ही संख्या मूळ असल्याचे सांगितले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचे विभाजक सापडले नव्हते. संख्या फोडता येते हे कळणे आणि ती प्रत्यक्ष फोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या सांकेतिक सुरक्षेची आरएसए पद्धत याच फरकावर उभी आहे.

विभाजक दिले १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

शोधाला एक आधार होता. ६७ मूळ असल्याने या संख्येच्या प्रत्येक विभाजकाला १३४ ने भागले, तर बाकी १ च उरते. पहिल्या विभाजकावर हे करून पाहा: भागाकार १४,४५,५८०, बाकी १. अशा नियमाने असंख्य उमेदवार आधीच बाद होतात. तरीही उरलेले काम अफाट होते आणि कोल यांनी ते यंत्राच्या मदतीशिवाय पूर्ण केले, हे मला फार मोठे वाटते.