ज्याने ‘पिंक फ्लॉइड’ उभा केला, त्यालाच बँडवाल्यांनी ओळखलं नाही

काळा टी-शर्ट, त्यावर एक त्रिकोण आणि त्यातून बाहेर पडणारे इंद्रधनुष्याचे रंग. कॉलेजच्या कट्ट्यावर असा टी-शर्ट घातलेला एकतरी पोरगा दिसतोच. त्याने गाणी ऐकलेली असतात की नाही, हा विषय वेगळा.

तो त्रिकोण म्हणजे पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साईड ऑफ द मून’ या 1973 सालच्या अल्बमचं कव्हर. कव्हरवर पुढच्या बाजूला बँडचं नावही नव्हतं. तरी हा अल्बम जगभरात 4 कोटींहून जास्त खपल्याचं सांगितलं जातं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो पहिल्या नंबरवर होता फक्त एक आठवडा. पण 1988 पर्यंत तो त्या यादीत एकूण 741 आठवडे होता, म्हणजे 14 वर्षांहून जास्त.

आता थोडं मागे जाऊ.

1965 साली लंडनमध्ये हा बँड जमला. नाव ठेवलं सिड बॅरेटने, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून. 1967 च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी सिडचीच. पण एलएसडीची नशा आणि ढासळत जाणारं मन यात पोरगा हातचा गेला. स्टेजवर नुसता उभा राहायचा. शेवटी त्याचाच जुना मित्र डेव्हिड गिल्मोरला बँडमध्ये घेतलं आणि 1968 मध्ये सिड बाहेर पडला.

पुढची काही वर्षं बँड चाचपडत होता. मग रॉजर वॉटर्सने वेळ, पैसा, मरण आणि वेड यांवर गाणी लिहिली. अंतराळ, परीकथा सगळं बाजूला. हे कुणालाही कळणारं होतं. शिवाय अल्बम येण्याआधी वर्षभर ही गाणी स्टेजवर वाजवून घासूनपुसून घेतली होती. ‘मनी’ हे गाणं नाण्यांच्या खणखणाटाने सुरू होतं आणि बरंचसं सात मात्रांत चालतं, आपल्या रूपकसारखं. पैशाची टिंगल करणाऱ्या याच गाण्याने अमेरिकेत बँडला पैसा मिळवून दिला!

आता पुढच्या अल्बमचं टेन्शन. 5 जून 1975. लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत सिडच्याच आठवणीतल्या गाण्यावर काम चालू होतं. तेवढ्यात एक जाडजूड, डोकं-भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. कुणालाच कळेना हा कोण. बऱ्याच वेळाने ट्यूब पेटली, हा सिड. वॉटर्सला रडू कोसळलं.

2024 मध्ये सोनीने बँडच्या रेकॉर्डिंगचे हक्क सुमारे 40 कोटी डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या. सिड तोवर राहिला नव्हता. 2006 साली तो केंब्रिजमध्ये वारला. त्याच्या गाण्यांची रॉयल्टी मात्र त्याला वेळच्या वेळी मिळत राहील, हे गिल्मोरने पाहिलं होतं.