डांबरी थराच्या नूतनीकरणाचा खर्च

हिंगोली जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज याचे प्रमुख कारण होय. अशा भूमीवरील आवारातल्या डांबरी वाटेचा खर्च केवळ वरच्या थरावरून ठरविणे सदोष होय. १०० चौरस मीटरांवर २५ मिलिमीटरांचा थर देण्यास २.५ घनमीटर मिश्रण लागते. घनमीटरास २.३ टन धरल्यास त्याचे वजन ५.७५ टन भरते; पैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे २८८ किलोग्रॅम, डांबर असते. त्याचा भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर चढतो-उतरतो. परंतु खालची माती हलत राहिल्यास जुन्या भेगा नव्या थरातही उमटतात आणि हा सर्व व्यय व्यर्थ जातो. यास्तव आधी पाण्याचा निचरा, नंतर पायाची दुरुस्ती व अखेरीस डांबर, हाच क्रम अंती स्वस्त पडतो.