टाके जुने, ठोके नवे

जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी भराभर उरकतो. १९४४ मध्ये बाल्टिमोरला ब्लॅलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या बाळांसाठी शंट जोडला. १९५४ मध्ये लिलेहाय यांनी फॅलोचा दोष आतून दुरुस्त केला. पुढे सेनिंग, मस्टर्ड, फाँताँ, जातेने यांच्या नावांच्या शस्त्रक्रिया आल्या. मधुबालेच्या हृदयात भोक होते, ती १९६९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली. तेव्हा प्रश्न जगण्याचाच होता. आज ती बाळे जगतात, तिशी-चाळिशी गाठतात, आणि माझा विषय तिथून सुरू होतो.

केशवापुरातल्या माझ्या दवाखान्यात अशी माणसे येतात. कुणी रेल्वेत, कुणी गोकुळ रोडच्या कारखान्यात, कुणी निपाणीकडची दोन लेकरांची आई. छातीवर मधोमध टाक्यांची रेघ, आणि सोबतचे नातेवाईक सांगतात, "लहानपणी हार्टला होल होतं डॉक्टर, ऑपरेशन झालं, आता काही नाही." हे 'काही नाही' त्यांना आमच्याच मंडळींनी पढवलेले. कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यावर, छेद दिला, पॅच शिवला, की तिथे व्रण राहतो. व्रणातून वीज जात नाही, ती वळसा घालते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या दिवशी त्या वळशातच फिरत राहते.

हे फिरणे म्हणजे फ्लटर. तो पुस्तकातल्यासारखा तीनशेच्या गतीने येत नाही. कर्णिका मिनिटाला २३० ने धावते, त्यातला एकाआड एक ठोका खाली जवनिकेत उतरतो, नाडी लागते ११५. पेशंट बाई असेल तर हमखास 'घाबरट स्वभाव' म्हणून झोपेची गोळी मिळते. अहो, घाबरलेल्या माणसाची नाडी खालीवर होते. हिची बसून ११५, जिना चढून ११५, झोपेतही ११५! मी कंपासपेटीतला डिव्हायडर काढतो. ईसीजीच्या गुलाबी कागदावर दोन ठोक्यांमध्ये तेरा बारीक चौकोन. डिव्हायडर साडेसहावर उघडायचा, एक टोक पी लहरीवर ठेवायचे. दुसरे टोक टी लहरीच्या खांद्यावर पडते, आणि तिथे एक छोटासा उंचवटा असतो. तीच दडलेली दुसरी पी. आता यंत्र कागदाच्या माथ्यावर 'सायनस टॅकिकार्डिया' छापून देते आणि नवे डॉक्टर तेवढीच ओळ वाचतात. डिव्हायडर मागितला तर भूमितीचा तास आहे का, असे विचारतात.

चुकले तर महागात पडते. धावपळीत २३० च्या २३० ठोके खाली उतरले की माणूस कोसळतो. नुसते फ्लेकेनाइड दिले तर कर्णिका मंदावते आणि उलट सगळेच ठोके खाली जाऊ लागतात. कर्णिकेकडून जवनिकेकडे वीज सोडणाऱ्या एव्ही नोडला आवर घालणारे औषध जोडीला हवेच. गुठळीची भीती वेगळी. फाँताँ झालेल्यांना तर हा फ्लटर घटकाभरही सोसत नाही.

बाकीचे थोडक्यात. एबस्टाइनच्या दोषात विजेच्या जादा वाटा, बऱ्याचदा एकीहून अधिक. मस्टर्ड शस्त्रक्रियेनंतर ठोके सुरू करणारा सायनस नोड हळूहळू थकतो. कर्णिकांमधले भोक चाळिशीनंतर बुजवले तरी ठोक्यांची अनियमितता पाठ सोडत नाही.

फॅलोच्या दोषावर मात्र भांडायचे आहे. १९९५ मध्ये गॅट्झूलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ईसीजीवरचा क्यूआरएस १८० मिलिसेकंद, म्हणजे साडेचार बारीक चौकोन रुंद झाला, की जवनिकेतून उठणाऱ्या जीवघेण्या गतीचा धोका वाढतो. एक पक्ष तो आकडा दिसताच शॉक देणारे यंत्र बसवायला निघतो, दुसरा आकड्यालाच हसतो. मला दोन्ही पटत नाहीत. गळकी पल्मनरी झडप, चक्कर येऊन पडणे, एमआरआयवरचे व्रण, हे सगळे त्या चौकोनांशेजारी मांडून बघावे लागते. पण त्यासाठी जुने ऑपरेशन नेमके कोणते झाले ते कळायला हवे. तो कागद घर बदलताना गेलेला असतो आणि रुग्णालयेही फायली जन्मभर सांभाळत नाहीत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शाळेशाळेतली मुले शोधली, हे मोठेच काम. पण तो अठराव्या वर्षी थांबतो. बालहृदयतज्ज्ञ म्हणतात आता मोठा झाला, मोठ्यांच्या डॉक्टरांना हार्ट अटॅकमधून सवड नाही.

लायडनच्या कात्या त्सेपनफेल्ड यांनी २००७ मध्ये दाखवले की जवनिकेतली ती जीवघेणी गती पॅच आणि झडपांमधल्या मोजक्या अरुंद पट्ट्यांतून फिरते. पट्टी सापडली की जाळता येते. हल्ली गळकी पल्मनरी झडप छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बदलतात. कौतुकच आहे. पण नवी झडप बसली की ती पट्टी तिच्याखाली झाकली जाऊ शकते आणि मग कॅथेटर तिथे पोचणे कठीण. म्हणून कुणाच्या घरी झडपेची तारीख ठरत असेल, तर पैसे भरण्याआधी एवढे विचारा : विजेचा नकाशा काढलाय का?