डॉक्टरांची परदेशी पदवी व रोग्याचा विवेक

आपल्या लोकांच्या स्वभावात एक चमत्कारिक विसंगती आहे. डॉक्टराच्या पाटीवर लंडन किंवा एडिंबरो ही अक्षरे दिसली की दवाखान्यात पाय ठेवण्यापूर्वीच रोग्याचा अर्धा ताप उतरतो. आणि त्याच डॉक्टराचे शिक्षण रशियात, चीनमध्ये किंवा किर्गिझस्तानात झाले असे कानी येताच तोच रोगी पायरीवरून परततो. दोन्ही वेळा त्याने डॉक्टराची परीक्षा केलेली नसते. केवळ देशाचे नाव वाचलेले असते. तेव्हा डॉक्टर कोठे शिकला यास रोग्याने किती किंमत द्यावी, याचा शांतपणे विचार करणे अवश्य झाले आहे.

प्रथम आपलाच अनुभव स्मरावा. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले व पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेथून कुशल डॉक्टर बाहेर पडले. असे असता 1930 साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. 1933 च्या कायद्याने आपली स्वतंत्र मेडिकल कौन्सिल झाली. पुढे 1975 साली ब्रिटनने पुन्हा मान्यता काढली, व आपल्या डॉक्टरांस तेथे परीक्षेस बसणे भाग पडले. मुंबईत शहाणा असलेला डॉक्टर साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर उतरताच अडाणी होतो काय, असे आपल्या लोकांनी विचारले तर त्यांस कोण दोष देईल? मग परदेशी शिकून परतलेल्या आपल्याच मुलांविषयी हाच प्रश्न विचारताना आपली जीभ का अडखळावी?

आता पुराव्याकडे वळू. अमेरिकेत जवळजवळ चौथा हिस्सा डॉक्टर परदेशांत शिकलेले आहेत. तेथील इस्पितळांत दाखल झालेल्या वृद्ध रोग्यांची मोठी पाहणी 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. रोग्यांच्या दुखण्यांतील फरक जमेस धरल्यावर, 30 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण परदेशी शिकलेल्या डॉक्टरांकडे शेकडा 11.2 व अमेरिकेत शिकलेल्यांकडे 11.6 आढळले. परदेशी शिक्षणच श्रेष्ठ असा ह्याचा अर्थ नव्हे. हे डॉक्टर कडक परीक्षा देऊन व अमेरिकन इस्पितळांत पुन्हा उमेदवारी करून आलेले होते. चाळणी बारीक असली म्हणजे धान्य कोणत्या शेतातले, हा प्रश्न गौण ठरतो, एवढेच ह्यातून निघते.

कोणी म्हणेल, 'परदेशी शिकून आलेल्यांपैकी बहुसंख्य येथील परीक्षेत नापास होतात, ते कसे?' ही गोष्ट खरी आहे. 2002 पासून अशा पदवीधरांस येथे 300 गुणांची परीक्षा द्यावी लागते व उत्तीर्ण होण्यास 150 गुण मिळवावे लागतात. काही मोजक्या इंग्रजीभाषी देशांतील शिक्षणास सूट आहे. बाकीच्यांस तीतून गेल्यावाचून वैद्यकी करता येत नाही. परंतु नापास झालेला मनुष्य कायद्याने तुमची नाडी पाहूच शकत नाही! जो उत्तीर्ण झाला त्याच्या माथी नापासांचे अपयश मारणे हा कोणता न्याय?

तथापि शिक्षणाचे स्थळ अगदीच निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. रोग्याची भाषा ज्यास येत नाही, त्या विद्यार्थ्यास खाटेजवळ उभे राहूनही थोडेच शिकता येते. शीत देशात सर्पदंश, हिवताप व क्षय यांचे रोगी आपल्याइतके दिसत नाहीत. म्हणूनच 2021 च्या नियमांनी परदेशात किमान 54 महिने अभ्यास व 12 महिने उमेदवारी, आणि परतल्यावर येथे आणखी 12 महिने उमेदवारी आवश्यक केली. ही उमेदवारी कागदावर न राहता वॉर्डात व्हावी, इकडे सरकारने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. ती पोकळ राहिली, तर त्याचे प्रायश्चित्त रोग्यास भोगावे लागेल.

आमच्या व्यापारी वाचकांस हा विषय नव्याने समजावून सांगावयास नको. रुपया कोणत्या टांकसाळीत पडला हे आपण पाहिले असेल वा नसेल. पण गल्ल्यात टाकण्यापूर्वी तो वाजवून घेत होतो. डॉक्टरही तसाच वाजवून घ्यावा. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे व औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणे 2002 च्या नियमांनी डॉक्टरास बंधनकारक आहे. तो प्रथम पाहावा. ह्या रोगाचे किती रोगी आपण हाताळले, हे नम्रपणे विचारावे. तो आपले म्हणणे ऐकून घेतो काय, उपचाराचे कारण समजेल अशा भाषेत सांगतो काय, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळीच दुसऱ्याकडे पाठवितो काय, हे पाहावे. डॉक्टरांनीही आपली पदवी कोठली हे लपवू नये. लपविलेल्या गोष्टीनेच संशय वाढतो.

सर्वांत मोठी हानी निराळीच आहे. गावातील नोंदलेल्या तरुण डॉक्टरास 'बाहेरचा शिकलेला' म्हणून नाक मुरडणारा गृहस्थ पुष्कळदा शेजारच्या गल्लीतील बिननोंदणीच्या इंजेक्शनवाल्याकडे बिनदिक्कत जातो; त्याची पदवी कोठली हे विचारण्याचे त्यास सुचतही नाही. मध्यरात्री मूल तापाने फणफणले असता देशाच्या नावाचा अभिमान किंवा तिटकारा उपयोगी पडत नाही. तेथे कसलेला हात व जागरूक मन हवे. ती जेथे सापडतील तेथे जावे, व पाटीवरील देशाचे नाव मागाहून वाचावे.