बोर्ड मेला नाही, इसरला

"बायोस अपडेट करत होतो, अन् तेवढ्यात लाईट गेली." बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, चिखली म्हणा, मेहकर म्हणा, संगणक दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ बसलं की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतं. मे-जूनमध्ये वादळ उठतं, कुठेतरी तार तुटते, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी जुन्या मशीनवर नवा प्रोसेसर चालावा म्हणून बायोस बदलत असतं. लाईट परत येते. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवा लागतो, हार्ड डिस्कची घरघरही सुरू होते. पडदा मात्र काळाच. गिऱ्हाईक म्हणतं, बोर्ड डेड झाला.

खामगावच्या एका दुरुस्तीवाल्याने असाच एक बोर्ड उलटासुलटा करून मला सांगितलं होतं, "मेला नाही भाऊ तो, इसरला फक्त." याहून नेमकं निदान मी आजवर ऐकलेलं नाही. त्या बोर्डावरचे कपॅसिटर शाबूत असतात, तांब्याच्या रेषा शाबूत असतात, प्रोसेसरमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर काम करायला तयार असतात. नाहीसं झालेलं असतं ते नखाएवढ्या एका चिपमधलं लिखाण, म्हणजेच बायोस, मशीन उठवणारा पहिला प्रोग्राम. पेंटियम ४ च्या काळातल्या अनेक बोर्डांवर ही चिप ४ मेगाबिटची असायची, म्हणजे अर्धा एमबी, सुमारे ४२ लाख शून्य-एक. मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढंसं हरवलं, आणि सगळं यंत्र मुकं.

असं का होतं, ते पहिल्या क्षणात दडलंय. बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आपले व्होल्टेज स्थिर करतो आणि बोर्डाला "वीज ठीक आहे" असा इशारा देतो. मग प्रोसेसर जागा होतो. त्याला विंडोज माहीत नाही, कीबोर्ड माहीत नाही, रॅम आहे की नाही हेसुद्धा माहीत नाही. त्याला फक्त एक पत्ता ठाऊक असतो, आणि तो कारखान्यातच सिलिकॉनमध्ये पक्का केलेला असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८०८८ प्रोसेसर १ एमबीच्या हद्दीला १६ बाइट उरले असताना आपली पहिली आज्ञा शोधायचा. ८०३८६ पासून ती हद्द ४ जीबीवर गेली, पण टोकापासूनचं १६ बाइटांचं अंतर कायम राहिलं. कॉम्प्युटरमधलं जवळपास सगळं बदललं, हे १६ बाइट मात्र तसेच राहिले. मला यात विलक्षण काहीतरी वाटतं.

१६ बाइटांत मावणार काय? एक उडी. "अमुक ठिकाणी जा," एवढीच आज्ञा तिथे असते, आणि तिथून खरं काम सुरू होतं. गंमत अशी की त्या वेळी रॅम अजून चालूच झालेली नसते. रॅमच्या पट्टीला तिचा वेग, तिची रचना विचारून तिला कामाला लावणं हेही बायोसचंच काम. म्हणजे सुरुवातीचा हा प्रोग्राम मेमरीशिवाय चालतो. प्रोसेसरच्या आतले मोजके रजिस्टर वापरून तो आकडेमोड करतो. पुढे पुढे तर प्रोसेसरच्या कॅशेलाच तात्पुरती रॅम बनवण्याची युक्ती निघाली. टेकायला जमीन नसताना उभं राहून जमीन तयार करणारा हा प्रोग्राम आहे.

आता चिप अर्धवट पुसली गेलेली असेल तर? पुसलेल्या फ्लॅश चिपमध्ये प्रत्येक बिट १ असतो, म्हणजे प्रत्येक बाइट एफएफ. प्रोसेसर त्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि एफएफ, एफएफ वाचतो. त्याच्या भाषेत ही आज्ञाच नाही. चूक झाली तर कुठे जायचं याचा तक्ता तो मेमरीत शोधायला जातो, आणि मेमरी तर अजून उठलेलीच नाही. तिथेच तो खुंटतो. पंखे फिरत राहतात, कारण त्यांना वीज पुरते, आज्ञा लागत नाही.

मुळात लाईट गेल्याने लिखाण जातं कसं, हे समजायला चिपच्या आत डोकवावं लागतं. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झे यांनी एका अजब ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. त्याच्या पोटात धातूचा किंवा सिलिकॉनचा एक छोटा कप्पा चारी बाजूंनी ऑक्साइडने बंद केलेला. कशालाही जोडलेला नाही. त्यात इलेक्ट्रॉन अडकवले तर वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. इलेक्ट्रॉन आहेत म्हणजे ०, नाहीत म्हणजे १. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव फ्रोहमन यांनी यावरून ईप्रॉम केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची काचेसारखी खिडकी असायची आणि पुसायचं झालं की चिप काढून अतिनील दिव्याखाली ठेवायची. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एका झटक्यात पुसता येणारी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. आणि इंटेलची पहिली फ्लॅश ज्या तंत्राने घडली, त्याच्या सहसंशोधकांत एक नाव पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं आहे. पेंटियमचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. बोर्डावरच्या या नखाएवढ्या चिपशीही त्यांचं नातं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्या बंद कप्प्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे कसे? भिंतीला दार नाही. भिंत साधारण १० नॅनोमीटर जाडीची. तिच्यावर पुरेसा विजेचा दाब दिला की इलेक्ट्रॉन भिंतीवरून उडी न मारता तिच्यातून आरपार जातात. जोरदार विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन असे निसटतात, याचं गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच मांडलं होतं. क्वांटम भौतिकीचा हा चमत्कार चिखलीच्या दुकानातल्या टेबलावर, दोनशे रुपयांच्या चिपमध्ये, बिनबोभाट घडत असतो.

पण या रचनेत एक मेख आहे. लिहिताना १ चा ० करता येतो; ० चा परत १ करायचा तर अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. पाटी ओल्या फडक्याने एका फटक्यात पुसली जाते, लिहायचं मात्र अक्षर-अक्षर, तसंच हे. बायोस अपडेट म्हणजे आधी पुसणं, मग लिहिणं, मग ताडून पाहणं. पुसून झालं आणि लिहिणं संपलं नाही, या मधल्या फटीत लाईट गेली की जुनंही गेलेलं असतं आणि नवंही पोचलेलं नसतं.

दुरुस्तीला बसताना मात्र सगळा दोष बायोसवर टाकून चालत नाही. आधी बोर्ड मोकळा करायचा: हार्ड डिस्क, कार्ड, यूएसबी सगळं काढायचं, प्रोसेसर, रॅम आणि बोर्डाचा छोटा स्पीकर तेवढा ठेवायचा. मग रॅमही काढून बटण दाबायचं. बायोस जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून तो बीप देऊन तक्रार करतो. रॅम काढूनही चिडीचूप असेल, आणि अपडेट सुरू करेपर्यंत बोर्ड धडधाकट होता, तर संशय चिपवर. दुकानात पोस्ट कार्ड असतं. ते स्लॉटमध्ये बसवलं की बायोस प्रत्येक टप्प्यावर जो आकडा बाहेर टाकतो तो त्याच्या लाल अंकांत दिसतो. आकडे पळत असतील तर आत कुणीतरी चालतंय. ००वर किंवा एफएफवर गोठले असतील तर पहिली आज्ञाच मिळालेली नाही.

सेल काढून बघा, हा सल्ला हमखास मिळतो. काढून जरूर बघा, नुकसान काही नाही. पण ३ व्होल्टचा तो सीआर २०३२ सेल फक्त घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. बायोसचा प्रोग्राम त्याच्या भरवशावर नसतो, त्यामुळे सेल काढल्याने पुसलेलं लिखाण परत येत नाही.

आता या साऱ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ही वेळ येणार हे चिप बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून बायोसचा एक कोपरा अपडेटने सहसा हात लावायचा नाही असा राखून ठेवला जायचा: बूट ब्लॉक. इंटेलच्या १ मेगाबिटच्या एका फ्लॅश चिपमध्ये तर ८ किलोबाइटचा असा कोपरा हार्डवेअरनेच कुलूपबंद करता यायचा. उरलेलं सगळं लिखाण गेलं तरी हा कोपरा उठतो, बाकीच्याची बेरीज ताडून बघतो, ती जुळली नाही की मदत मागतो. त्याला येतं फार थोडं. अवॉर्ड बायोसचा बूट ब्लॉक फ्लॉपी वाचू शकायचा, आणि चित्र दाखवायचं तर बरेचदा जुनं आयएसए कार्डच त्याला समजायचं. तसलं कार्ड हाताशी नसेल तर सगळं काम आंधळेपणाने.

ते काम असं. दुसऱ्या मशीनवर डॉसची बूट होणारी फ्लॉपी करायची. तिच्यात अवॉर्डचा फ्लॅश प्रोग्राम, त्याच बोर्डाची आणि त्याच रिव्हिजनची बायोस फाइल, आणि ऑटोएक्झेक फाइलमध्ये एक ओळ: काही न विचारता लिहून टाक. कारण पडद्यावर प्रश्न आला तरी तो दिसणार नाही. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, आणि मग कान लावून बसायचं. फ्लॉपीच्या मोटरची ती करकर सुरू झाली की समजायचं, आत कुणीतरी जागं आहे. एएमआय बायोसची रीत जरा वेगळी: फाइलचं नाव एएमआयबूट डॉट रॉम असं ठेवायचं आणि कंट्रोल व होम ही बटणं दाबून धरून मशीन चालू करायचं. करकर थांबल्यावर लगेच बटणाला हात लावायचा नाही. काही मिनिटं थांबायचं. घाई केली की पुन्हा तीच फट.

बूट ब्लॉकही गेला असेल, तर जुन्या कारागिरांची एक धाडसी युक्ती होती. फ्लॅशमधून वाचणं संथ, म्हणून बायोस उठता उठता स्वतःची प्रत रॅममध्ये करून घेतो आणि पुढे तिथूनच चालतो. याचा अर्थ, मशीन एकदा सुरू झालं की चिप काढून घेतली तरी ते पडत नाही! तेव्हा तशाच दुसऱ्या बोर्डावर मशीन डॉसपर्यंत न्यायचं, चालू अवस्थेत त्याची चिप सॉकेटमधून उचलायची, तिथे पुसलेली चिप बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. ३२ पायांची ती चौकोनी चिप, तिचा एक कोपरा कापलेला, तो सॉकेटच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळलाच पाहिजे. काढायला खास चिमटा मिळतो. मी गोणी शिवायच्या दाभणाने दोन कोपऱ्यांतून आळीपाळीने हलकेच उचलतानाही पाहिलंय. टोक शेजारच्या पायांना लागलं तर चांगला बोर्डही जायचा. आज हे कुणी करू नये असंच मी म्हणेन, पण ज्यांना हे पहिल्यांदा सुचलं त्यांना यंत्राचं मन कळलं होतं.

आज करू नये, कारण साधा रस्ता आता स्वस्तात मिळतो. सीएच ३४१ ए नावाचा छोटा यूएसबी प्रोग्रामर काही शे रुपयांत येतो. नंतरच्या बोर्डांवर बायोसची चिप आठ पायांची असते. तिच्यावर चिमट्यासारखी क्लिप बसवायची, क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे. बोर्डाची वीज बंद, सेलही काढलेला. आधी चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइल ताडायच्या. फरक आला तर क्लिप नीट बसलेली नाही. ती बिघडलेली फाइलसुद्धा जपून ठेवायची, कारण बऱ्याच बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता आणि सिरियल नंबर तिच्यातच असतो. मग पुसणं, लिहिणं, पडताळणं. एक सावधगिरी: या प्रोग्रामरच्या काळ्या पट्टीच्या अनेक प्रती चिपला ३.३ व्होल्टची वीज देतात, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात. आधी मल्टीमीटर लावा. १.८ व्होल्टच्या चिपला तर वेगळा अडॅप्टरच लागतो.

लिखाण पुसायला लाईटच जावी लागते असंही नाही. २६ एप्रिल १९९९ या दिवशी जगभर असंख्य मशीन बंद पडली. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला होता. जेमतेम १ किलोबाइटचा तो प्रोग्राम हार्ड डिस्कची सुरुवात खरडायचा आणि जमेल त्या बोर्डांच्या फ्लॅशमध्ये कचरा लिहायचा. ज्यांच्या बोर्डावर लिहिणं बंद करणारा जंपर होता आणि तो लावलेला होता, त्यांचा बायोस वाचला.

आपल्याकडे शाळांत, टायपिंगच्या क्लासात, सेवा केंद्रांत जी जुनी मशीन अजून इमानाने काम करतात, त्यांच्या बायोसला खरी गरज नसेल तर हात लावू नये. लावायचाच असेल तर इन्व्हर्टर भरलेला हवा, आणि त्याची बॅटरी त्याच दिवशी तपासलेली हवी. पण एक काम मात्र मशीन चालू असतानाच करून ठेवावं: बायोसची प्रत काढून ठेवणं. त्या बंद कप्प्यातले इलेक्ट्रॉन कायमचे नसतात. चिपवर लिखाण किती टिकेल, याचा भरवसा माहितीपत्रकांत कुठे १० वर्षं दिलाय, कुठे २०, कुठे त्याहून बराच जास्त. २००३-०४ साली घेतलेल्या बोर्डांची यातली पहिली मुदत केव्हाच उलटली आणि दुसरीही संपली. बरेच अजून चालतात, कारण बनवणाऱ्यांनी हात राखून आकडा दिला होता. पण त्या बोर्डांच्या फाइल आता कंपन्यांच्या साइटवरून एकेक करून नाहीशा होताहेत. जुना बोर्ड चालू असेल, तर फ्लॅशरॉमसारख्या मोफत प्रोग्रामने त्याची चिप वाचून घ्या, फाइलच्या नावात बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन लिहा, आणि तिची एक प्रत गावातल्या दुरुस्तीवाल्याकडेही देऊन ठेवा. तसाच दुसरा बोर्ड त्याच्याकडे कधी ना कधी येईलच.